‘सहलीला येणार, पाळण्यात बसणार नाही’: नागपूरच्या शाळांना एका आईचं खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, आणि सहलीला मुलांसोबत जाणारे सर्व सर व मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्या संपल्या की आपल्या नागपुरात सहलींचे फॉर्म घरोघरी यायला लागतात. लहान वर्गांचं रामटेक आणि खिंडसी, मोठ्यांचं चिखलदरा, पचमढी नाहीतर हैदराबाद. आणि आता बऱ्याच शाळांची एक सहल तरी राइड्सच्या, म्हणजे मोठमोठ्या यांत्रिक पाळण्यांच्या, पार्कात असतेच. माझ्या मुलाच्या दप्तरातही गेल्या आठवड्यात असा फॉर्म आला. त्यात रक्तगट विचारला आहे, पोहता येतं का हे विचारलं आहे, ॲलर्जी विचारली आहे. मुलाला गाडी लागते का, हे विचारलेलं नाही. हे पत्र तेवढ्याच एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी तो चौथीत होता, तेव्हाची गोष्ट. शाळा कोणती, पार्क कोणतं हे सांगण्यात मला रस नाही. एका गोल फिरणाऱ्या राइडच्या रांगेत त्यानं सरांना सांगितलं, “सर, मला यात मळमळतं, मी खालीच थांबतो.” सर मनानं चांगले आहेत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “काही होत नाही रे, एवढा काय घाबरतो!” मागची मुलं ओरडली, “डरता है क्या बे?” तो बसला. अर्ध्या फेऱ्यांत तो ‘थांबवा, थांबवा’ म्हणून ओरडत होता. पण गाणी मोठ्यानं चालू होती आणि सगळीच मुलं ओरडत होती. कुणाला वेगळं कळणार तरी कसं? उलटी त्याच्या स्वेटरवर झाली, शेजारच्या मुलीच्या फ्रॉकवर झाली. पुढचे चार तास तो चपला ठेवायच्या जागेजवळ एका बाकावर बसून होता, कारण चाळीस मुलांमागे दोन शिक्षक, एकासाठी कोण थांबणार. परत येताना कपड्यांना वास येतो म्हणून त्याला बसच्या अगदी शेवटच्या सीटवर बसवलं. तिथे पुन्हा झाली. वर्गात त्याला ‘ओकाऱ्या’ हे नाव पडलं, ते उन्हाळ्याच्या सुट्या लागेपर्यंत टिकलं. पाचवीच्या सहलीच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखत होतं.

आता माझ्या लहानपणचं सांगते. माझे मामा छिंदवाड्याला. सौंसर मागे पडलं आणि घाट सुरू झाला की मला हमखास गाडी लागायची. आजी बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांगायची, “दादा, पोरीले गाडी लागते, समोर बसू द्या.” कंडक्टर कुणाला तरी उठवून मला पुढची खिडकी द्यायचा. आजीच्या पिशवीत लिंबू असायचं, हिवाळ्यात संत्रं. त्याची साल ती माझ्या नाकाशी धरायची. बसमधल्या एकाही माणसानं मला कधी डरपोक म्हटलं नाही. बायका उलट विचारायच्या, “बरं वाटते का आता?”

म्हणजे बसमध्ये मळमळलं तर ‘गाडी लागली’, आणि पाळण्यात मळमळलं तर ‘घाबरला’. शरीर तेच, कान तोच, पोट तेच. फक्त जागा बदलली की आपण त्याच त्रासाला दुसरं नाव देतो. आणि ‘गाडी लागते’ म्हटलं की पुढची सीट मिळते, ‘घाबरतो’ म्हटलं की मागून धक्का मिळतो. माझं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे. तुमच्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना पुढचं ठाऊक असेलच, तरी थोडं सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला ते समजून घेतल्यावरच माझ्या मुलाकडे नीट बघता आलं.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. तिन्ही वेगवेगळ्या दिशांना कललेल्या, आत द्रव भरलेला. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव जरा मागे रेंगाळतो, त्या रेंगाळण्यानं आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. त्यांच्याजवळच कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात. वर-खाली, पुढे-मागे जाणं आणि डोकं कलणं त्या सांगतात. फुगडी खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला हे यंत्र माहीत आहे. फुगडी थांबली तरी अंगण फिरत राहतं, ते आतला द्रव अजून थांबलेला नसतो म्हणून.

डोळे एक सांगतात, कान दुसरं सांगतात, आणि मेंदूनं आजवरच्या अनुभवावरून तिसरंच गृहीत धरलेलं असतं. हा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. शास्त्रज्ञांत आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण हेच आहे. बसमध्ये मोबाइल बघणाऱ्या मुलाचे डोळे ‘सगळं स्थिर आहे’ म्हणतात आणि कान ‘आपण वळतोय, उसळतोय’ म्हणतात. पडद्यासमोर खुर्च्या हलवणाऱ्या त्या अंधाऱ्या खोलीतल्या खेळात बरोबर उलटं होतं. डोळ्यांना दरी, झेप, वळणं दिसतात आणि शरीर जागच्या जागी थोडंसं हलत असतं. अमेरिकेत हेलिकॉप्टर चालवायला शिकवणाऱ्या नकली यंत्रात बसून वैमानिकांना असं मळमळल्याची नोंद १९५७ सालची आहे. तेव्हा ‘खरी राइड नको तर निदान सिनेमावाल्यात बस’ हा पर्याय प्रत्येक मुलासाठी सोपा असेलच असं नाही, हे कृपया लक्षात घ्या.

हा भित्रेपणा नाही, याला इतिहासातही पुरावा आहे. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८८२ साली मूकबधिर माणसांबद्दल एक निरीक्षण मांडलं. त्यांच्यातल्या अनेकांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नव्हती. ज्यांचं कानातलं हे यंत्र निकामी असतं, त्यांना बोटीच्या प्रवासातही मळमळत नाही. भीती मात्र त्यांनाही वाटतेच की. आणि ऑगस्ट १९६१ मध्ये पृथ्वीभोवती सतरा फेऱ्या मारणारा सोव्हिएत अंतराळवीर घेरमान तितोव, वय पंचवीस, अंतराळात मळमळ होऊन आजारी पडलेला पहिला माणूस ठरला. रॉकेटमध्ये बसून अवकाशात गेलेल्या माणसाला डरपोक कोण म्हणेल?

वयाचाही मुद्दा आहे, आणि तो तुमच्याशी थेट संबंधित आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. त्रास पुढे वाढत जातो आणि साधारण सहा ते बारा या वयात सर्वांत जास्त असतो. मोठेपणी बऱ्याच जणांचा कमी होतो. मुलींना मुलांपेक्षा अधिक होतो, अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना अधिक होतो. म्हणजे पहिली ते सातवीची सहल काढताना आपण नेमक्या त्याच वयाची मुलं घेऊन निघतो, ज्या वयात हे सगळ्यात जास्त होतं. चाळीस मुलांच्या बसमध्ये असं एखादंच मूल असेल, असं धरून चालू नका. बाकीची बोलत नाहीत, एवढंच. माझ्या मुलाचं काय झालं हे पाहिल्यावर ती का बोलतील?

राइड्सबद्दलही थोडं. उंच आणि वेगवान दिसणारी राइडच सर्वांत जास्त मळमळवते, असं नसतं. सरळ खाली झेप घेणारी राइड काही सेकंदांत संपते. जास्त त्रास होतो तो गोल फिरणाऱ्या राइड्सचा, त्यातही मोठी चकती फिरते आणि तिच्यावरची वाटी वेगळी फिरते, अशा. शरीर एका दिशेनं फिरत असताना मुलानं शेजारच्या मित्राकडे मान वळवली किंवा खाली वाकून पाहिलं, की कानातल्या नलिकांना अशी गिरकी जाणवते जी प्रत्यक्षात झालेलीच नसते. म्हणून त्या राइडमध्ये बसायचंच असेल तर डोकं मागे टेकवून, मान सरळ ठेवून बसायला सांगा. आणि झोके घेणारं ते मोठं जहाज. बोटींवरच्या अभ्यासातून दिसलं आहे की साधारण पाच सेकंदांत एक, अशा संथ हेलकाव्यानं सगळ्यात जास्त मळमळतं. दहा मीटर लांबीच्या लंबकाला एक आंदोलन पूर्ण करायला सहा-साडेसहा सेकंद लागतात, हे सूत्र तुमचेच विद्यार्थी वहीत लिहितात. जहाजाचा झोका त्याच्याच आसपास येतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या जागा सर्वांत उंच जातात, मधल्या कमी. मोठी मुलं लहानांना हौसेनं टोकाला बसवतात; ते थांबवणं सोबतच्या शिक्षकांच्या हातात आहे.

‘बसून बसून सवय होते’ हे मला खूप जणांनी ऐकवलं. ते अगदीच खोटं नाही. खलाशांना काही दिवसांनी समुद्राची सवय होते. ज्यांना विमान लागतं अशा वैमानिकांना फिरत्या खुर्चीवर थोडं थोडं फिरवून तयार करतात. पण ते रोज, हळूहळू वाढवत, त्यांच्या मर्जीनं, आणि त्रास वाढायच्या आत थांबवून. तीन मिनिटांच्या एका जबरदस्तीनं सवय होत नाही, धास्ती बसते. मेंदू तो वास, ते संगीत, ती जागा मळमळीशी जोडून टाकतो. माझ्या मुलाला त्या सहलीनंतर कित्येक महिने उभ्या बसच्या डिझेलच्या वासानंच तोंडाला पाणी सुटायचं. आधी असं नव्हतं.

तोंडाला पाणी सुटणं, ही खूण विशेष लक्षात ठेवा. उलटी अचानक होत नाही. आधी मूल गप्प होतं. बडबडं पोर एकदम शांत झालं की वळून पाहा. मग जांभया येतात; शिक्षकांना वाटतं पहाटे उठल्यामुळे झोप येते आहे. चेहरा फिका पडतो, थंडीतही कपाळावर आणि ओठांच्या वर घाम येतो, मूल सारखं थुंकी गिळतं, स्वेटर काढायला बघतं. एवढं दिसलं की अजून वेळ हातात असतो. खिडकी उघडून मोकळी हवा द्यायची, मोबाइल काढून घ्यायचा, दूरवर क्षितिजाकडे किंवा समोरच्या रस्त्याकडे बघायला सांगायचं, आणि ते जमत नसेल तर डोळे मिटून डोकं टेकवून बसवायचं. राइडवरून उतरलेल्या मुलाला लगेच दुसऱ्या रांगेत उभं करायचं नाही. सावलीत बसवायचं, घोट घोट पाणी द्यायचं. हा त्रास साठत जातो. पहिल्या राइडनं अर्धा झालेला दुसरीनं पुरा होतो. आणि एक गोष्ट याहून वेगळी आहे, ती विसरू नका. राइडनंतर डोकं असह्य दुखत असेल, उलट्या थांबतच नसतील, मूल अर्धवट शुद्धीत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एखादा हात-पाय लुळा वाटत असेल, तर ‘गाडी लागली असेल’ म्हणून वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

सहल पहाटे साडेपाचला निघते आणि पहिला थांबा तर्री पोह्यांचा असतो. तर्री मलाही प्रिय आहे, पण घाटाच्या किंवा पाळण्यांच्या आधी ती नको. उपाशीपोटीही नको. साधे पोहे, बिस्किटं, केळं, एवढं पुरतं. गाडी लागणाऱ्या मुलांना पुढच्या भागात, खिडकीजवळ बसवा. मागच्या चाकांच्या पलीकडची शेवटची सीट सगळ्यात जास्त उसळते. माझ्या मुलाला परतीच्या वेळी तिथेच बसवलं होतं, ते आठवलं की अजूनही जीव तुटतो. समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर रस्ता सरळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका, दोन तास मान खाली घालून मोबाइल खेळणाऱ्या मुलाला तिथेही मळमळतं. अंताक्षरी लावा. माना वर राहतात.

गोळीबद्दल. घरून दिलेली गोळी प्रवासाच्या आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही. कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. कृपया कुठल्याही मॅडमनी आपल्या पर्समधली गोळी दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये, भावना कितीही चांगली असली तरी. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. गुंगीतलं मूल पाण्याच्या पार्कात, लाटांच्या तळ्यात उतरत असेल तर त्याच्यावर नजर हवी. म्हणून कुणी सकाळी गोळी घेतली आहे, हे सोबतच्या शिक्षकांना आधी माहीत असायला हवं.

माझी मुख्य विनंती यापुढची आहे. मुलानं ‘मी बसत नाही’ म्हटलं, तर तिथेच विषय संपावा. कारण विचारू नका, समजावू नका, बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावू नका. आणि समजा ते मूल खरंच घाबरलं असेल, उंचीला घाबरलं असेल, तरी चौथीतल्या पोराला घाबरायचा हक्क आहे. फक्त ‘ठीक आहे, तू खाली थांब’ एवढं म्हणून भागणार नाही, कारण खाली थांबणं आज शिक्षेसारखं दिसतं. चार तास चपलांजवळचा बाक. खाली थांबणाऱ्यांसोबत एक शिक्षक ठरवून द्या. त्यांना फिरायला न्या, सौम्य राइड्स दाखवा, फोटो काढायचं काम त्यांच्याकडे द्या, डबे आधी त्यांचे उघडू द्या. दोन-चार मुलं तशी मजेत दिसली की पुढच्या राइडला आणखी तिघं-चौघं येऊन बसतील. ती सगळी आतापर्यंत गप्प बसलेली मुलं असतील.

राइड चालवणाऱ्या दादाशीही रांगेत उभं राहतानाच बोलून ठेवा. ओरडणं तिथे उपयोगाचं नाही, सगळेच ओरडतात. एखादी हाताची खूण ठरवा, मुलांना शिकवा, आणि एक शिक्षक त्याच्या शेजारी उभे राहून चेहरे बघत राहोत. थांबवता येण्यासारखी राइड असेल तर थांबवता येईल.

हे काही जगावेगळं मागणं नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये २००३ साली अंतराळप्रवासाचा अनुभव देणारी ‘मिशन: स्पेस’ ही राइड सुरू झाली. त्यात माणसांना गरगर फिरवून रॉकेटचा दाब जाणवून देतात. बसणाऱ्यांना मळमळतं हे त्यांनी लपवलं नाही, आत उलटीच्या पिशव्या ठेवल्या. २००६ पासून त्याच राइडचा न फिरणारा, सौम्य प्रकारही त्यांनी ठेवला. नारिंगी रंगाचा फिरणारा, हिरव्या रंगाचा न फिरणारा. ज्यानं त्यानं आपलं बघून निवडायचं. राइड्स विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना हे सुचलं. शाळा तर मुलांना सांभाळण्यासाठीच असते.

मला माहीत आहे, सहल काढणं म्हणजे तुमची दोन रात्रींची झोप जाते. परवानग्या, बसवाले, पालकांचे फोन, मोजणी, पुन्हा मोजणी. त्यात मी आणखी एक काम वाढवते आहे. पण फॉर्मवर फक्त एक ओळ छापायची आहे: मुलाला गाडी, बोट किंवा पाळणा लागतो का, आणि त्याला राइडमध्ये न बसता सहलीला यायचं आहे का.

यंदाचा फॉर्म मी आठवडाभर टेबलावर तसाच ठेवला होता. परवा रात्री तो स्वतःच घेऊन आला. आता सहावीत आहे. म्हणाला, “आई, मी जातो. पण तू यावर लिहून देशील का, की मी सहलीला येणार, पाळण्यात नाही बसणार?” खाली सहीच्या जागेशेजारी थोडी कोरी जागा होती. तिथे मी पेनानं ते लिहिलं, त्याच्याच शब्दांत. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “आणि समोरची खिडकी, ते पण लिही.”

तेही लिहिलं आहे. शनिवारी तो फॉर्म वर्गशिक्षकांकडे येईल.

आपली,
सहावीतल्या एका मुलाची आई
नागपूर